राघूमामांच्या अकरा करवंट्या

राघूमामा मैदानावर यायचे ते पिशवीत अकरा करवंट्या घेऊन. कोपऱ्यातल्या करंजाखाली घडीची खुर्ची उघडायची, पायाशी करवंट्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीवर चुन्याने आमचे नंबर. मॅच सुरू झाली की उजव्या खिशातून चिंचोके निघत आणि डाव्या खिशातून खडे. मुलीने चेंडू हिसकावला, नेमका पास दिला, गोल केला, की तिच्या करवंटीत चिंचोका. चेंडू घालवला की खडा. नजर चेंडूवर, हात खाली, आणि चिंचोका बरोबर त्याच करवंटीत. मला ते बघायला फार आवडायचं. मी गोलरक्षक, त्यामुळे निम्मी मॅच मला इकडेतिकडे बघायची मोकळीक असे.

ते माझ्या आईचे मावसभाऊ. सगळी नोकरी विमा कचेरीत, माणूस किती जगेल याचे आकडे मांडण्यात गेली. निवृत्त झाले त्याच सुमारास कुंभकोणमला मुलींचा फुटबॉल क्लब निघाला आणि मामांना मोजायला नवी माणसं मिळाली. वाईट सांगण्याआधी चांगलं सांगते. घरोघरी जाऊन, बाहेरच्या ओट्यावर तासन्‌तास बसून, मुलींच्या बापांना त्यांनीच तयार केलं. जिल्ह्याच्या निवडीसाठी आमच्या क्लबातून दरवर्षी एकच नाव जायचं. ते मामा ठरवत, आणि निवड करणाऱ्यांचा त्यांच्या आकड्यांवर भरवसा होता. त्यांनी पाठवलेल्या दोघी आज पोलिसात आहेत, खेळाडूंच्या जागेवर. म्हणून आम्ही त्यांचं सगळं सहन करत होतो.

आणि सहन करायला पुष्कळ होतं. हंगामाची शेवटची मॅच संपली की त्याच झाडाखाली ‘कणक्कु’ व्हायचं. कणक्कु म्हणजे हिशेब. प्रत्येकीच्या हंगामभराच्या चिंचोक्यांचा आणि खड्यांचा आकडा मामा सगळ्यांसमोर वाचत. मामी त्या दिवशी डबा भरून सुंडल पाठवायच्या, उकडलेले हरभरे आणि वर ओलं खोबरं. पण शेवटच्या मुलीचा हिशेब होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, असा नियम. मग रडून झालेल्या मुली नाक पुसत सुंडल खायच्या आणि मामा आग्रह करकरून वाढायचे.

हिशेब ते तमिळमध्ये वाचत, अगदी सभ्य भाषेत. मग मान माझ्याकडे वळवून खरा निकाल आमच्या मराठीत सांगत. मराठ्यांच्या राज्यात आमची घराणी इकडे आली तेव्हाची ही मराठी. माझ्या सासरी, साताऱ्याला, ती ऐकून लोक अजून हसतात. संघात ती बोलणारी मी एकटी. मामांच्या लेखी ती दार लावून घेतलेली खोली होती, आत काहीही बोलावं. ही खोड आमच्या सगळ्याच लोकांना आहे. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या नाकाडोळ्यांची चर्चा आम्ही तिच्या देखत करतो.

एका हंगामात आमच्या मल्लिकाचे वडील मध्येच वारले. कणक्कुच्या दिवशी मामा तिला तमिळमध्ये म्हणाले, हंगामाच्या उत्तरार्धात तुझे गोल कमी झाले बाळा, लक्ष दे. आणि मला म्हणाले, “बाप मेला म्हणोन पाय पण मेले काय इचे?” मल्लिका त्यांच्याकडे बघून कसनुसं हसली, तिला वाटलं मामा माझ्यापाशी तिचं सांत्वन करताहेत. तिच्या शेजारी बसलेल्या सेल्वीने मात्र मान खाली घातली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

सेल्वी आमच्या बचावात उजव्या बाजूला खेळायची. उंच, शांत, तोंडातून शब्द निघायचा नाही. तिची करवंटी कायम रिकामी. ती घसरून चेंडू काढायची नाही, धावून अंगावर जायची नाही. ती नुसती योग्य जागी उभी असायची, आणि ती तिथे आहे हे बघून समोरच्या संघाच्या मुली दोन-चार प्रयत्नांनंतर त्या बाजूला यायच्याच बंद व्हायच्या. हे कळायला गोलात उभं राहावं लागतं. उजव्या बाजूला मी कधी बघायचीसुद्धा नाही, इतकी मी निर्धास्त असायची. मामांना दिसायची ती रिकामी करवंटी. “पद्मी, हा खांब आहे,” ते मला म्हणायचे. “तिरुनागेश्वरमच्या देवळांत नेऊन उभा कर, शोभेल.”

निवडीला वयाची अट होती आणि मल्लिकाच्या त्या कणक्कुनंतरचं वर्ष सेल्वीचं शेवटचं. यंदा नाव गेलं तर पोलिसातली नोकरी, नाही तर आईबरोबर दुसऱ्यांची भांडी, इतकं सरळ होतं. कणक्कुच्या आदल्या दिवशी मी मामांच्या घरी गेले आणि भांडले. म्हटलं, तिच्या बाजूने माझ्यावर हंगामभरात एक धड हल्ला झाला नाही, तो आकडा कुठे आहे? मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जें जाहलेंच नाहीं तें मी कसें मोजूं? करवंटींत वारा भरूं काय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या फळीतल्या एका मुलीचं नाव वाचलं. सेल्वीला तमिळमध्ये म्हणाले, तू प्रामाणिक आहेस, पण आकडे कमी पडले. आणि माझ्याकडे वळून, तिच्यासमोर, “हीस पाठविलें असतें तर मज लोक हंसले असते. भांडीं घांसणाऱ्यांच्या अंगांत खेळ कोठोन येणार?”

सेल्वी उभी राहिली. “मामा, मज कळतें,” ती म्हणाली. आमच्याच मराठीत, आमच्याच हेलात. “पहिल्या दिवसापासोन कळतें. माझी आई तुमच्या लोकांच्या घरीं काम करते, मी त्यांच्या माजघरांत वाढलें. मल्लिकाच्या बापाचें बोलिलां तेंही कळलें.”

मुलींना शब्द कळले नाहीत, पण सेल्वी आमची भाषा बोलतेय हे कळलं. मला वाटलं, आता म्हातारा खचणार. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कळत होतें,” ते म्हणाले, “तर सुधारायचें होतेंस.”

मग त्यांनी सुंडलचा डबा उघडला. सेल्वी न खाता गेली आणि पुन्हा मैदानावर आली नाही.

पुढच्या हंगामात तिच्या जागी नवी मुलगी आली, मोठी धडाडीची. तिच्या बाजूने सतत हल्ले व्हायचे, ती सतत घसरून चेंडू काढायची, आणि तिची करवंटी ओसंडून वाहायची. जे हल्ले तिच्याकडून सुटत त्यांचे माझ्यावर गोल होत. आम्ही हरत गेलो. मामा मूर्ख नव्हते. हंगाम संपायच्या आत त्यांनी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि एका संध्याकाळी आनंदाने माझ्या घरी आले. “पद्मी, सेल्वी आपली सर्वांत मोठी खेळाडू होती. आतां मोजतां आलें.” आणि लगेच तिला सांगायला निघाले. मी नको म्हटलं, ऐकेनात. शेवटी मीही बरोबर गेले.

सेल्वी बाजारातल्या एका पातळांच्या दुकानात कामाला लागली होती. मामांनी फळीसमोर उभं राहून तिला सगळं सांगितलं, आमच्या मराठीत, मोठ्या आदराने. ती असताना उजव्या बाजूने किती हल्ले झाले, ती नसताना किती, गोल किती वाढले. बोलताना ते गहिवरले. तो गहिवर खरा होता, आणि त्या सगळ्यात ‘चुकलों’ एवढं एक कुठे नव्हतं.

सेल्वीने ऐकून घेतलं. विचारलं, “मग आतां नांव पाठवितां?”

“आतां कसें?” मामा म्हणाले. “वय उलटलें तुझें.” विम्याची मुदत संपली असं सांगताना ते अगदी याच आवाजात सांगत असणार.

बाहेर आल्यावर ते खुशीत होते. तीस बरें वाटलें असेल, आपण काय होतों तें कळलें, असं म्हणत राहिले. त्यांच्याशी एक शब्दही बोलायची माझी इच्छा नव्हती. मी त्यांना रिक्षात बसवलं आणि परत दुकानात गेले.

सेल्वी पातळाची घडी घालत होती. “ते म्हातारे, त्यांस कळत नाहीं, असें म्हणोन मी सोडून दिलें होतें, अक्का,” ती म्हणाली. “त्यांस कळतें.”