बेंदराचा रंग

वायर हातात घेतली की मिस्त्री डोळे मिटायचे. दोन बोटांनी एकेक जोड चाचपत पुढं सरकायचे आणि म्हणायचे, "जोड गरम लागला की तितंच दुखणं हाय." बारामतीत एसटी स्टँडामागं त्यांचं पत्र्याचं शेड होतं. जुन्या गाड्यांची वायरिंग करणारी माणसं आता राहिली किती? तुमच्याकडं असा एखादा असेल तर त्याला जपा. मी जपला नाही.

माझी अँबॅसिडर वडलांच्या वेळची. आमच्या कळंब गावात तशी दुसरी नाही. शाळा मी चौथीत सोडली, पण गाडीचा नट कधी परक्याला आवळू दिला नाही. दावणीला बैल राहिले नाहीत, तेव्हापासून बेंदराच्या सणाला मी बैलांऐवजी गाडीच सजवतो. बाशिंग, हार, पुरणपोळीचा निवद, सगळं. त्या साली रंगही दिला. दिवे खोलले, मडगार्ड खोलले, आतल्या पत्र्यालाही ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि परत आवळलं.

दुसऱ्या दिवशी पुढचा डावा दिवा काजव्यासारखा. इंडिकेटर दिला की तोही त्याच्याबरोबर डोळा मारायचा. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा मंद व्हायचा. बल्ब बदलले, फ्यूज बदलले. फरक नाही.

मिस्त्रींनी डोळे मिटून सगळी वायर चाचपली. म्हणाले, "आबा, वायरीत काय न्हाय. करंट पत्र्यातनं माघारी जातो, आन् तुमी पत्राच रंगानं झाकलाय. दिव्याच्या बोल्टाखाली नखाएवढं खरवडू द्या."

"बेंदराचा रंग खरवडायचा? आन् शिंगं रंगवली म्हून बैल आंधळा हुतो व्हय?"

"बैलाला अर्थिंग लागत न्हाय, आबा."

शेडातली चार माणसं हसली. ते हसू मला झोंबलं.

"डोळं मिटून चाचपतोयस. दिसत न्हाय म्हून सांग की सरळ!" म्हणालो आणि गाडी काढली.

मागनं ते एवढंच म्हणाले, "आबा, दिवस मावळल्यावर गाडी चालवू नगा."

पुढं बाजारात, चहाच्या गाड्यावर, सोयऱ्यांच्या लग्नात मी सांगत सुटलो, मिस्त्रीचे डोळे गेले. जुनी गाडी बाळगणारे सगळे मला विचारून काम करायचे. माझा शब्द चालायचा.

उसाच्या हंगामात, दिवस मावळून कडुसं पडताना, कळंबच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली. आणि डावा दिवा लख्ख पेटला. घरी येऊन बघितलं, तर बोल्ट हलून त्याच्याखालचा रंग उडालेला. नखाएवढा पत्रा चकाकत होता.

उद्याच जाऊन सांगू म्हटलं. पण बोललो होतो चारचौघांत, माघारही चारचौघांतच घ्यायला हवी. पाय निघेना. उन्हाळाही सरला.

शेवटी गेलो, तर शेडात मोबाईलची कव्हरं टांगलेली. शेजारच्या चहावाल्याला विचारलं.

"मिस्त्री व्हय? लेकीकडं गेलं हुतं दौंडला. तितंच वारलं. म्हैना झाला."

मी बाकड्यावर टेकलो.

"कुणीतरी उठवलं, त्यास्नी दिसत न्हाय म्हून. लोकं गाड्या आणीनात. कसलं दिसत न्हाय? माझ्या म्हातारीला सुईत दोरा ओवून द्यायचं ते." त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला. "तुमचं काय काम हुतं, आबा?"

गाडी समोरच उभी होती. त्या खड्ड्यापासून तिचा डावा दिवा एकदाही मंद झाला नव्हता.

"डावा दिवा लागत न्हाय," मी म्हणालो.