कोंडवाड्यातला मुंजाजी

वालूरच्या भिवराबाईनं साठ वर्षं मेंढरं राखली. बांधावरून तिनं हाळी दिली की पलीकडच्या शिवारातली परकी शेळीसुद्धा मान वळवायची. पण त्या दिवशी सेलूच्या कचेरीत नात मनिषासोबत उभी राहिली, तर तिचा आवाज जेमतेम टेबलापलीकडं पोचत होता. मनिषाचा नर्सिंगला नंबर लागला होता. जातपडताळणीसाठी पणजोबाचा जुना कागद पाहिजे, तोही सोमवारच्या आत. पणजोबा म्हणजे भिवराबाईचा सासरा, मुंजाजी.

"शाळेचा दाखला?" जुनं दप्तर सांभाळणाऱ्या बाबूनं मान वर न करता विचारलं.

"शाळंची पायरी बी न्हाई चढला त्यो."

"मग जमिनीचा उतारा?"

"जमीन असती तर मेंढरामागं कशाला हिंडला असता, साहेब?"

"शाळा न्हाई, शेत न्हाई. मग माणूस सरकारदरबारी हाय कुठं, आजी?"

मनिषा डोळे पुसायली होती. भिवराबाईनं पदर सावरला. सासूनं मरताना शपथ घातली होती, ही गोष्ट घराबाहेर काढू नको म्हणून.

"कोंडवाड्यात," ती म्हणाली. "निजामाच्या काळात मेंढरं पाटलाच्या ज्वारीत घुसली. पाटलानं कोंडवाड्यात घातली, तर ह्यो बी त्यांच्यासंगं आत जाऊन बसला. लय नाचक्की झाली घराची."

बाबूनं पहिल्यांदा मान वर केली. कोंडवाड्याची रजिस्टरं त्याच्याकडं आजवर कुणी मागितलीच नव्हती. सगळ्यात खालच्या फळीवरून तीन निघाली, सगळी उर्दूत. बाबूनं समोरच्या हॉटेलातून उर्दू शाळेच्या निवृत्त सत्तार मास्तरांना बोलावून आणलं.

"आहिस्ता, मियाँ," मास्तर भराभर पानं उलटणाऱ्या बाबूला म्हणाले, "कागज है, पापड नईं."

तिसऱ्या रजिस्टरात त्यांचं बोट थांबलं. "मुंजाजी वल्द बापू. कौम, यानी जात, धनगर. साकिन वालूर. मेंढे बयालीस." मग मास्तर गालातल्या गालात हसायले. "आगे लिखे हैं, मालिक भी अंदर बैठा है, बाहर आने कू राजी नईं."

"बेचाळीस?" भिवराबाई म्हणाली. "घरात तर बाराच सांगत आले. पुन्ना वाचा मास्तर, जरा मोठ्यानं. पोरीला ऐकू द्या."

मास्तरांनी पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून ऐकायला आले.

दुपारी शिक्क्याची नक्कल हातात पडली आणि मनिषानं तिथंच अर्ज भरला. वालूरच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "लय खुशीत दिसायलाव, मावशी. काय काम झालं?"

"आमचा सासरा कोंडवाड्यात बसला होता," भिवराबाई अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी बोलली, "सरकारी शिक्का हाय त्याला."