बदली येईपर्यंत

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ऑफिसात सगळ्यात आधी हसणारा मी. आई-वडिलांच्या कष्टावर शिकलेला घरातला पहिला पदवीधर... त्यामुळे हे लिहायला संकोच वाटतो. पण जसं घडलं तसंच लिहितो.

आमचे नाना – म्हणजे वडील – पारोळ्याहून सुरतेला आले आणि जन्मभर कापडाच्या लूमवर उभे राहिले. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आता त्यांच्याशी समोर तोंड करून बोलावं लागतं, ते ओठ वाचतात. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्यात कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं ओठांनी आणि हातांनी. आणि एक नियम – बदलीचा माणूस आल्याशिवाय चालू मशीन सोडून जायचं नाही.

पर्वत पाटियाजवळ मी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, भाड्याने द्यायला. नानांची सगळी बचत त्यात घातली. बँकेचा हप्ता भाड्यातून जाईल अशी आशा. पहिलीच खरेदी, म्हणून जपून पावलं टाकली. दस्तऐवज वकिलाला दाखवले, सोसायटीचा मेंटेनन्स थकलेला नाही ना ते विचारलं, सकाळी जाऊन नळाला पाणी किती येतं ते पाहिलं, मार्केटला जायला रिक्षा मिळते का तेही पाहिलं. नवीन घेणाऱ्यांनी एवढं तरी बघावंच. जागेवर आधी काय होतं, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

पहिले भाडेकरू नवरा-बायको. तो हजीऱ्याला कंपनीत. महिना भरायच्या आत सामान बांधलं. "भाईसाब, अंदर के कमरे में एक आदमी खड़ा रहता है. दिन में. बोलता है, पर आवाज नहीं आती."

मला वाटलं, डिपॉझिट सोडवायची युक्ती. पण पुढच्या कुटुंबानेही तेच सांगितलं. पहिल्यांशी त्यांची ओळखदेख नव्हती. "होंठ हिलते हैं उसके," ती बाई म्हणाली आणि रडायला लागली.

दलाल जयेशभाई हसला. "साहेब, आता तुम्हाला भाडेकरू शोधू के भुवा?"

भुवा म्हणजे इथला भूत उतरवणारा मांत्रिक. मला हसू आलं नाही. फ्लॅट रिकामा राहिला तर तोट्यात विकावा लागणार, आणि नानांची आयुष्यभराची कमाई जाणार. घरी मी हे लपवत होतो, पण नाना माझे ओठ वाचतात. फोनवर बोलताना त्यांनी सगळं ओळखलं.

"माले दखाड तो फ्लॅट," म्हणाले.

रविवारी दुपारी गेलो. मी स्वयंपाकघरातला गळका नळ बघत होतो. मागे वळून पाहिलं तर नाना आतल्या खोलीच्या दारात उभे. खोली रिकामी, खिडकीतून लख्ख ऊन. नानांनी हात वर करून बोटं फिरवली – खात्यात करतात तशी खूण. मग थांबले, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तसे. मान हलवली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि बाहेरच्या दाराकडे बोट केलं. तेव्हा माझ्या पायाखाली फरशी थरथरत होती. आवाज अजिबात नाही... नुसती थरथर. मग तीही थांबली.

जिन्यात मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "कोण होतं, नाना?"

"लूमवाला. तरणा पोऱ्या शे."

"काय म्हणत होता?"

"मनी बदली उनी का, असं पुसी राहिना. थकी जायेल शे बिचारा."

"बदलीचा माणूस आला का, असं विचारतोय? मग?"

"मी सांगं त्याले – मी उनू, तू जाय घर." मी आलोय, तू घरी जा, असं नाना त्याला सांगून आले होते.

नंतर जयेशभाईला खोदून विचारलं. त्या जागेवर पूर्वी खातं होतं, एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

त्यानंतर जळगावकडचं जोडपं राहायला आलं आणि टिकलं. भाडं वेळेवर. आईने देवापुढे साखर ठेवली. मीही मनातून मोकळा झालो.

मग एका दुपारी आम्ही जेवत असताना त्या जोडप्यातल्या वहिनींचा फोन आला. "दादा, तुमचे वडील आलेत का इकडे? दार तर लावलेलं होतं... आतल्या खोलीत उभे आहेत. चहा घेता का विचारलं, तर काहीतरी बोलतायत, पण आवाजच निघत नाहीये. बरं आहे ना त्यांना?"

नाना माझ्यासमोर बसून वरणात भाकरी कुस्करत होते.

वहिनी घाबरत नाहीत. "म्हातारं माणूस, त्यांचा काय त्रास," म्हणतात. घर सोडायचं नावही काढत नाहीत. इकडे नाना दिवसभर घरीच असतात, पण संध्याकाळी पोटऱ्या दाबत बसतात, खात्यातली पाळी करून आल्यासारखे. बारीक होत चाललेत. डॉक्टरांना काही सापडत नाही. मी विचारलं तर नजर दुसरीकडे वळवतात – ओठ वाचायचे नसले की ते असंच करतात.

फ्लॅट विकायचा विचार केला. पण विकला तरी नाना तिथून सुटतील, असं मला वाटत नाही. याचा उलगडा मला आजही झालेला नाही. वहिनी म्हणतात, ते सारखं एकच काहीतरी विचारत असतात. काय ते मला ठाऊक आहे. त्या खोलीत जाऊन उत्तर द्यायला कुणीतरी हवं... मी दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो.