भुंगेऱ्याच्या मिशा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा नाही. तुम्ही ऐकून घ्याल असं वाटलं — म्हणून सांगते.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. आमचे हे रेवदंड्याला शाळामास्तर. वेड एकच — पानं खाणारे भुंगेरे. वाड्यांतून, डोंगरातून धरून आणायचे, कागदावर डिंकाने चिकटवायचे आणि त्यातल्या एका घराण्याची वर्गवारी लावत बसायचे. कोण कुणाचा भाऊबंद, ते म्हणे मिशांवरून ठरतं. मी चिडवायची, स्वतःचे भाऊबंद तरी ओळखता का हो? हसायचे बिचारे.

पावसाळा सरला आणि त्यांच्या पेट्यांना बुरशी दिसली. हे शाळेत. मी मेली शहाणी! गोधड्यांशेजारी पेट्याही उन्हात मांडल्या, पिसाने बुरशी झटकली — आणि एका भुंगेऱ्याची मिशी मोडली.

रागावले असते का? छे, आवाज चढवणारा माणूसच नव्हता तो. मग सांगितलं का नाही? चूक कबूल करायची म्हटली की माझी जीभ रेटत नाही — तेव्हाही नाही रेटली. पेटीत तसाच दिसणारा दुसरा एक होता. त्याची मिशी काढून याला डिंकाने लावली. ती जरा दातेरी दिसली, तेव्हा जोडी जुळावी म्हणून दुसरीही बदलली. उरलेला भुंगेरा चुलीत टाकला.

महिन्याभराने हे तोच भुंगेरा घेऊन नाचतच माजघरात आले. हा भुंगेरा वेगळाच निघाला, नवं घराणं सापडलं! तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी त्यांच्या हातावर साखर ठेवली.

मांडव्याहून बोटीने ते मुंबईला गेले, एका जाणत्या गोऱ्या साहेबाला दाखवायला. त्याने भुंगेरा मऊ व्हावा म्हणून पाण्यात ठेवला. डिंक विरघळला, मिशा सुटल्या. नावासाठी लबाडी केलीत मास्तर, असं तो चारचौघांत म्हणाला.

घरी आल्यावर यांनी एवढंच विचारलं, "तुझा हात नाही ना गं लागला?"

"मेल्या किड्यांना हात लावायला मला काय वेड लागलंय?" मी फणकारले. अजून लाज वाटते त्या फणकाऱ्याची.

पेट्या माळ्यावर गेल्या. पुन्हा त्यांनी एकही भुंगेरा धरला नाही.

चार दिवसांनी जेवताना मान खाली घालून म्हणाले, तुझ्यावर संशय घेतला, चुकलंच माझं. मनात ठेवू नकोस.

"असू दे," म्हटलं मी — आणि त्यांना माफ केलं.