कुणीच न संपवलेली राइड

माझा मित्र गेला, त्या दिवसाची त्याची राइड सायकलच्या मीटरमध्ये अडकून पडली होती. मीटर म्हणजे हॅन्डलवर बसवायचं काडेपेटीएवढं यंत्र. जीपीएसवर चालतं. रस्ता, वेळ, वेग, सगळं लिहून ठेवतं. तो दिग्रसला शिकवणीत गणित शिकवायचा आणि गावाहून सायकलनेच जायचा. मी पत्रकं काढायचो. रस्ता, पाणी, एसटी, जे दिसेल त्यावर.

कल्पना माझी होती. "खड्डे फार आहेत" असं लिहिलं की साहेब लोक हसतात. म्हणून मी त्याला म्हटलं, मीटरला टप्पा मोजायचं बटन आहे ना, ते प्रत्येक खड्ड्यापाशी दाब. नकाशावर खूण पडेल, मग बघू कसे नाही म्हणतात ते.

"अबे, मंग शिकवणीले पोचू कवा? रस्ताभर बटनच दाबत राहू काय?"

पण दाबायला लागला. ते पत्रक गाजलं. देवी आलेल्या तोंडासारखा दिसत होता नकाशावर आमचा रस्ता.

एका सकाळी तो शिकवणीला पोचलाच नाही. मालाच्या टेम्पोवाल्याला तो कडेला पडलेला दिसला. त्याने त्याला सायकलसकट उचलून दवाखान्यात नेलं. डोक्याला मार होता. दुपारी गेला.

पंचनाम्यात लिहिलं, पुलाच्या उतारावर तोल जाऊन पडला. टेम्पोवाला मला म्हणाला, "पूल त पुढं हाये. म्या त्याले अलीकडूनच उचललं. पऱ्हाटीच्या वावरापाशी." आता त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कापसाचीच वावरं, आणि त्यालाही नेमकं आठवेना; जागा कोणती धरायची? आणि तिसऱ्या दिवशी पुलाअलीकडचे खड्डे डांबर टाकून बुजवलेले. इतके अर्ज केले तेव्हा हे डांबर कुठे होतं? चोर आहेत. तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

त्याच्या आईला पंचनाम्याशी काही घेणं नव्हतं. त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस रस्त्यात पडला तर दहाव्याच्या आत त्याच जागी घरच्या माठातलं पाणी ओतायचं. जीव तिथेच तहानलेला थांबतो म्हणतात.

"तुमच्या त्या मशिनीत असन ना रे?" काकू म्हणाल्या. "मले जागा पाह्यजे. भलत्याच जागी पाणी नाही टाकत मी."

असल्या रीतींवरही मी पत्रकं काढलेली आहेत. त्या दिवशी दवाखान्याने दिलेल्या सामानाच्या पिशवीतून मीटर काढून घेतलं.

मीटरची बॅटरी उतरलेली होती. चार्ज करून कॉम्प्युटरला जोडलं. जुन्या राइड दिसल्या, त्या दिवसाची दिसेना. फाइल होती, पण उघडली की 'खराब आहे' एवढंच. मी ती दिग्रसला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेली.

"पयले कॉपी काढू," दुकानदार म्हणाला. "अस्सलले हात नाही लावाचा." मग त्याने समजावलं. आत किती माल आहे तो आकडा फाइलच्या तोंडाशी असतो, आणि राइड संपवायचं बटन दाबल्यावरच तो लिहिला जातो. इथे शून्य होतं. "याची राइड कोणी संपवलीच नाही ना, भाऊ," म्हणाला.

म्हणजे मीटर चालूच राहिलं होतं. टेम्पोत, दवाखान्यात, दवाखान्याच्या पिशवीत, बॅटरी मरेपर्यंत.

दोन दिवस त्याच्या दुकानात बसलो. शेपटीकडचा तुटका तुकडा कापला, तोंडाशी आकडा भरला. तिसऱ्या खेपेला नकाशावर रेघ उमटली.

जागा मिळाली. पुलाच्या बरीच अलीकडे, एका बाभळीपाशी. वेग शून्य. अकरा मिनिटं शून्यच. अकरा मिनिटं तो तिथे एकटा पडून होता. मग एकदम टेम्पोचा वेग. माझ्या डोक्यात मथळा तयार होता, 'पंचनामा खोटा आहे!' तो जुळवता जुळवताच मी खुणांची यादी खाली सरकवली.

शेवटची खूण वेग शून्य होण्याच्या दोन सेकंद आधीची होती.

तीनदा पाहिलं. दोन सेकंद आधी त्याचा एक हात हॅन्डलवरून सुटलेला होता आणि नजर बहुतेक खाली मीटरवर होती. माझ्या नकाशासाठी.

नवव्या दिवशी काकूंना घेऊन गेलो. मोबाइलवर रेघ बघत बघत बाभळीपाशी थांबलो. पायाखाली नवं डांबर, काळं कुळकुळीत. काकू माठातल्या पाण्याचा गडवा घेऊन वाकल्या.

"काकू, थांबा." आणि सांगून टाकलं. बटन, खूण, दोन सेकंद, कल्पना कोणाची होती ते.

काकूंनी गडवा एका हातात धरून दुसऱ्या हाताने डांबर चाचपलं.

"म्हंजे हा खड्डा मोजला त्यानं?"

"हो."

"आन् यायनं बुजवून टाकला."

"हो."

त्यांनी गडवा माझ्या हातात दिला. "टाक. तूच टाक आता."

मी ओतलं. डांबरात पाणी मुरतं कुठे? कडेकडेने वाहत गेलं आणि बाभळीखालच्या मातीत शिरलं.

पत्रक काढलं. जागा, वेळ, अकरा मिनिटं, सगळं छापलं. दोन सेकंदही छापले, आणि खाली लिहिलं की बटन दाबायला मी सांगितलं होतं. पत्रकं वाटणारी आमची पोरं म्हणाली, ती ओळ काढ, साहेब लोक तीच धरतील. तीच धरली त्यांनी. आता जिथे जातो तिथे मला तीच ओळ वाचून दाखवतात.

काकूंना वाचता येत नाही. पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जागा बराबर लिवली ना, बाबू?"

"बरोबर लिहिली," म्हणालो.