हातातली आग आणि नऊ व्होल्टची पेटी

उरणच्या मोरा बंदरात लाँचमधून उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला. हाड मोडलं. प्लास्टर घातलं, ते यथावकाश निघालंही. माझं दुखणं खरं तर त्यानंतर सुरू झालं.

प्लास्टरमधून बाहेर आलेला हात माझा वाटेना. सुजलेला, जांभळट, कायम घामेजलेला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "हाड छान जुळलंय. आता हात वापरायला लागा." पण पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत घरी पोचेपर्यंत रिक्षात लागलेला वारासुद्धा मला सहन झाला नाही. कुणी उकळतं तेल थेंबाथेंबाने सोडतंय असं वाटत होतं. पुढे पुढे साडीचा पदर हाताला लागला तरी मी ओरडायची. घरातला पंखा बंद झाला. मे महिन्यात यजमान घामाने निथळत जेवायला बसायचे, पण पंख्याच्या बटणाला हात लावायचे नाहीत.

पनवेलच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे मी टायपिस्ट होते. वकीलसाहेबांनी जागा राखून ठेवली होती, पण किती दिवस ठेवणार? शेजारणी विचारायच्या, "अजून दुखतंय? हाड तर जुळलं ना?" त्यांच्या स्वरातली शंका मला कळायची. एकदा मलाच वाटलं, आपण वेडाच्या वाटेवर तर नाही?

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र हात बघितल्याबरोबर सांगितलं, "हे मनाचं नाही. नसांचं आहे. दुखापत बरी झाली, पण नसा अजून बोंब मारतायत." मला रडू आलं. त्यांनी पनवेलमधल्याच एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. "त्यांच्याकडे एक मशीन आहे. कातडीवरून हलका करंट देतात. सुई नाही, काही नाही."

करंट म्हटल्यावर यजमानांचा चेहरा उतरला. ते तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर एका हेल्परला शॉक लागून तो गेला होता. एवढंच मला माहीत होतं. त्यापलीकडे ते कधी बोलले नव्हते.

"करंट मी रोज बघतो," ते म्हणाले. "त्याने कुणाचं दुखणं बरं होत नाही."

तरी आम्ही गेलो. मोहल्ल्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत बाईंनी दवाखाना थाटला होता. वयाने माझ्याहून लहान, डोक्यावरून ओढणी, बोलणं मृदू. मशीन म्हणजे हातात मावेल एवढी पेटी, दोन बटणं, दोन वायरी आणि टोकाला काळे रबराचे तुकडे. दोन्ही तुकडे त्यांनी मनगटाजवळ ठेवले, चिकटपट्टी लावली आणि बटण फिरवलं.

मी किंचाळले. हातभर निखारे पसरले. यजमानांनी झडप घालून वायरी उपटल्या. पेटी जमिनीवर पडली.

"बास! उठ. परत इथे यायचं नाही."

बाई पेटी उचलत म्हणाल्या, "माफ करा, भाऊ. मी फार जवळ लावलं, फार लवकर वाढवलं. चूक माझी आहे." पण ते ऐकायला थांबले नाहीत.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. बोटं आखडायला लागली. करंगळी तळव्याकडे वळली ती सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, हलवला नाही तर हात असाच राहील. आणि हलवणं तर अशक्य! घरात आम्ही दोघं एकमेकांशी जपून, मोजकंच बोलत होतो.

शेवटी एका सकाळी ते कामावर गेल्यावर मी एकटीच रिक्षात बसले. हात छातीशी, हवेत धरलेला. प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांसमोर अंधारी येत होती.

बाईंनी या वेळी दुखऱ्या भागाला हातच लावला नाही. एक तुकडा दंडावर, एक मानेच्या मागच्या बाजूला. "ताई, बटण तुमच्याच हातात ठेवा. नको वाटलं की बंद. कुणाला विचारायचं नाही."

डाव्या हाताने मी बटण केसभर फिरवलं. मुंग्या. आणखी थोडं. दंडातून बारीक थरथर खाली उतरत गेली. मी दात आवळून बसले होते. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, आग होती, पण कुणीतरी मधलं दार लोटून घेतल्यासारखी. मी तसं सांगताच बाई म्हणाल्या, "आता बोटं हलवा. याने दुखणं जाणार नाही, थोडा वेळ दबेल. तेवढ्यात हात कामाला लावायचा."

बोटं हलली. जरा, पण हलली.

संध्याकाळी मी यजमानांना सांगून टाकलं. ते चिडतील अशी मनाची तयारी मी केली होती. ते खाली बसले आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघू लागले.

"त्या पोराला सोडवायला मी कोरडं लाकूड शोधत होतो," ते म्हणाले. "सापडेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी तुझ्या हाताला वायर लावली तेव्हा मला तोच दिसला."

मी डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

पुढच्या खेपेला ते सोबत आले. बाईंना म्हणाले, "त्या दिवशी मी तुमची पेटी पाडली. खोलून बघू?" बाईंनी पेटी पुढे केली. त्यांनी मागचं झाकण काढलं. आत ट्रान्झिस्टरला लागते तशी नऊ व्होल्टची बॅटरी. मग त्यांनी बाही वर केली. "आधी मला लावा."

बटण फिरलं तशी त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. दुसऱ्या हाताने त्यांनी खुर्ची घट्ट धरली होती. हळूहळू त्यांनी खुर्ची सोडली.

"मुंग्या आहेत नुसत्या," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुढे पावसाळाभर आम्ही जात राहिलो. हाताला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून मशीन लावून मी परातीतल्या तांदळात हात घालायची, कापसाने, मग पंचाने हात चोळायची. काही दिवस काहीच उपयोग व्हायचा नाही आणि मी परात ढकलून द्यायची. यजमान सांडलेले तांदूळ गोळा करून परत पुढ्यात ठेवायचे. दिवाळीनंतर मी वकीलसाहेबांकडे कामावर रुजू झाले. करंगळी वाकडीच राहिली. थंडीत हात अजूनही निळा पडतो आणि ठणकतो. पहिल्या दिवशी मी एक साधा अर्ज टाइप केला. दुपार गेली त्यात. वकीलसाहेबांनी तो वाचला, सही केली आणि दुसरा कागद माझ्या टेबलावर ठेवला.