पहिल्या खाटेचा मान

आमच्या धामणगाव बढ्यात अंतर्गळाचा, म्हणजे हर्नियाचा, आजार कुणालाच नव्हता. निदान पुरुषांचं म्हणणं तसं होतं. धोतराच्या आत कापडी पट्टा आवळून बांधायचा, खोकताना एक हात ओटीपोटावर धरायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, "काई नाई, वात हाय."

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि जिल्हा परिषद त्याहून नवी. त्या दिवसांत बुलढाण्याचे एक सरकारी डॉक्टर गावोगाव सांगत फिरायचे, "शाळेच्या खोल्या द्या, खाटा द्या, औषधाचा आणि रोग्यांच्या जेवणाचा खर्च उभा करा. मी येऊन पुरुषांची ऑपरेशनं करून देतो." आमच्या महिला मंडळाने हे काम अंगावर घेतलं. मंडळाची चिटणीस मीच असल्यामुळे मांजरपाट, कापूस, घागरी, चुली, कंदील असं सगळं कुणी काय आणायचं ते वाटून दिलं आणि कामाला लागले. मनात मात्र एकच काम होतं. त्यातल्या एका खाटेवर माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, झोपवायचं.

मागच्या पोळ्याच्या सुमारास पोतं उचलताना त्यांचं आतडं उतरलं आणि अडकून बसलं. जाऊबाईंनी पायाखाली गोधड्या घालून त्यांना निजवलं. नशिबाने ते आपसूक आत गेलं. पुढे डॉक्टरांनी जाऊबाईंना स्पष्ट सांगितलं, "पुन्हा अडकलं तर त्याच दिवशी ऑपरेशन झालं पाहिजे, नाहीतर माणूस हाती लागायचा नाही. पावसाळ्यात नाले भरल्यावर तुम्ही यांना आणणार कसं?" म्हणजे जे व्हायचं ते पेरणीआधी व्हायला हवं होतं. तेव्हापासून जाऊबाईंची झोप उडाली होती. भासरे मात्र घोरत होते.

भासऱ्यांना समजावणं माझ्या हातात नव्हतं. माझे यजमान नोकरीला परगावी, आणि आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नसतं. समोर जावं लागलंच तर डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे सांगायचं ते गोठ्यातल्या बैलाला, नाहीतर भिंतीला सांगायचं. तेही बैलालाच उत्तर द्यायचे. आमचा संसार असाच चालला होता आणि बैलाने कधी तक्रार केली नव्हती.

वर्गणीचे कार्यक्रम जोरात झाले. आधी शंकरपट ठेवला. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीला मोताळ्यापासून माणसं आली. मग पुरुषांनी नाटक बसवलं. त्यात नायिका झालेल्या गड्याची मिशी पदराआड लपेना, तरी तिकिटं संपली. बायकांनी पापड, कुरडया, सांडगे विकले. सगळ्यात जास्त धावपळ भासऱ्यांची. पटाची जागा त्यांनी आखली, नाटकाच्या पडद्याला बांबू त्यांनी दिले. लोक सढळ हाताने वर्गणी द्यायचे आणि देताना एकच वाक्य म्हणायचे, "आपल्या गावात असं कोणाले नाई, पण घाटावर लय हाय म्हंते तो आजार."

घाटावरच्या एका गावातून आलेली बाई म्हणाली, "आमच्याकडे तर म्हणतात, तो घाटाखालच्यांचा आजार."

खर्चाची सोय झाली. खाटा गोळा झाल्या. नाव मात्र एकाही पुरुषाने दिलं नाही. डॉक्टरांचा निरोप आला, "रोगी नसतील तर मी शिबिर जळगाव जामोदला देतो. तिथले लोक वाट पाहतायत."

निरोप ऐकून जाऊबाई चुलीपुढे बसल्या त्या उठेचनात. मी म्हटलं, "बाई, त्यांना धाक दाखवून उपयोग नाही."

"धाक कायचा दाखवते? मान म्हनला का तो मानूस इहिरीत उडी घालते," त्या म्हणाल्या.

मला तेवढं पुरलं.

आमच्या गावात गणपतीच्या पहिल्या आरतीचा मान बोली लावून देतात. बोली ज्वारीत लागते, आणि ज्याची बोली त्यानेच आरती करायची. मान दुसऱ्याला देता येत नाही. मी शाळेच्या मास्तरांकडे गेले आणि म्हटलं, मारुतीच्या पारावर पहिल्या खाटेची बोली लावा. ज्वारी रोग्यांच्या भाकरीला होईल. ज्याची बोली, त्याचं पहिलं ऑपरेशन. डफडं लावून मिरवणूक काढू, बायका ओवाळतील.

मास्तर हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "लावतो."

त्या संध्याकाळी पारावर गाव जमला. मास्तरांनी सगळ्या अटी दोनदा वाचून दाखवल्या, म्हणजे मागाहून कुणी कळलं नाही म्हणायला नको. मग विचारलं, "पहिल्या खाटेचा मान! कोण बोलते?"

पुरुष पायातल्या वहाणा न्याहाळू लागले. आम्ही बायका एका बाजूला बसलो होतो. जाऊबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

शेवटी तेलघाणीचे मालक उठले. दरवर्षी आरतीच्या मानावरून त्यांची आणि भासऱ्यांची चढाओढ चाले आणि दरवर्षी तेच जिंकत. ते म्हणाले, "एक पायली!"

"काऊन शेठ, तुमाले बी हाय काय?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"नसन तं लावून घेईन बे! मान सोडतो काय मी?"

भासरे इतका वेळ खाली बघत होते. त्यांनी मान वर केली. "एक पोतं."

हसणं थांबलं.

"दोन," शेठ म्हणाले.

"तीन."

"अरे, विचार करून बोल. सुई पाठीत टोचते म्हंते."

"तुह्या पाठीत काय लोखंड हाय? चार!"

शेठनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "घे. तुले देला." आणि भासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसत मास्तरांना म्हणाले, "दुसऱ्या खाटेची बोली नका लावू. थे माही." आवाज हळू होता, पण पारावर इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेला. मग तिसऱ्या खाटेला एकाने नुसता हात वर केला. मी तिथेच डॉक्टरांना निरोप लिहायला घेतला.

शिबिराच्या सकाळी डफडं दारात वाजत होतं आणि भासरे घरात नव्हते. ते गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. एक पेंडी टाकून झाली की दुसरी. जाऊबाईंनी दाराशी येऊन मला पुढे ढकललं. मी पदर सारखा केला आणि ढवळ्याला म्हटलं, "ढवळोबा, मालकांना विचार, सुईची भीती वाटते का?"

"ढवळ्या, तिले सांग, सुईचं भेव नाई मले," भासरे म्हणाले. "पन डाक्तर म्हंते, तीन महिने वजन उचलाचं नाई. पेरनी तोंडावर आली. तिफन कोन हाकन?"

म्हणजे गोष्ट ही होती. बैलाला ते मरणाच्या भीतीचं काही बोलले नाहीत. पेरणीच्या तिफणीचंच बोलले.

मी म्हटलं, "ढवळोबा, त्यांना सांग, पटाला ज्यांच्या जोड्या धावल्या त्या पोरांना मी तेव्हाच विचारून ठेवलंय. एकेक दिवस एकेक जोडी येणार. मागून सरत्यावर बी सोडायला आम्ही दोघी जावा."

भासऱ्यांच्या हातातली पेंडी खाली पडली. "त्या पोट्ट्यांच्या हाती माही तिफन? बैल पटासारखे पळवतीन! तास सरळ येईन काय एक तरी?"

"मग बरं होऊन बांधावर बसून सांगायला कुणीतरी पाहिजे," मी ढवळ्याला म्हटलं.

भासऱ्यांनी हात धोतराला पुसले. डफड्याच्या पुढे होऊन ते शाळेकडे चालू लागले, इतक्या झपाट्याने की ओवाळणाऱ्या बायकांना धावावं लागलं.

ऑपरेशन चाललं तोवर जाऊबाई वर्गाच्या दारापाशी बसून राहिल्या. मी पाणी उकळत होते, कारण काहीतरी करत राहणं मला बसण्यापेक्षा सोपं जातं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आतडं बरंच चिकटलं होतं. हा पावसाळा त्यांनी काढला नसता." एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या खाटेला हाक मारली.

मृग लागला तेव्हा पोरं शब्दाला जागली. शेतात बांधावरच्या निंबाखाली बाज टाकून तिच्यावर भासऱ्यांना बसवलं होतं आणि तिथून ते अखंड ओरडत होते. "सरळ धर बे! शर्यत हाय काय?" दुपारी तिफणीचं एक दातं ढेकळात अडकलं. पोराने जोर लावला, तिफण हलेना. भासरे बाजेवरून उठले, धोतराचा काचा खोचला आणि निघाले.

जाऊबाईंनी सरता तिथेच टाकला आणि भर शेतात, सगळ्या पोरांसमोर ओरडल्या, "बसा म्हंते ना!"

भासरे बसले.